दोनची नाडी

जेवणाच्या टेबलावर दोन पत्रं चार दिवस पडून होती आणि सिस्टर त्यांना वळसा घालून ताटं मांडत होती.

सिस्टर हे काही तिचं नाव नव्हे. पण बारा वर्षं वॉर्डात काढलेल्या बाईला नाव उरतं ते फक्त पगाराच्या कागदावर. इमारतीतली माणसं, कोपऱ्यावरचा औषधवाला आणि थट्टेच्या सुरात का होईना, सासूबाईसुद्धा तिला सिस्टरच म्हणत.

पहिलं पत्र घरापासून बारा मिनिटांवरच्या नर्सिंग होमचं होतं. सकाळी सात ते दुपारी दीड. चालत जायचं, चालत यायचं, पावणेदोनला घरी. मुलीची शाळा सकाळची. एकच्या सुमारास व्हॅन तिला फाटकाशी सोडायची. म्हणजे पाऊण तासात आई समोर हजर. दुसरं पत्र शहराच्या पार दुसऱ्या टोकाच्या मोठ्या हॉस्पिटलचं. दुपारी बारा ते रात्री आठ. दोन बस बदलून जायला दीड तास, यायला त्याहून जास्त. घरी पोचेपर्यंत मुलगी झोपलेली. पगार थोडा बरा, पण तो बसमध्येच जिरणार.

शाळेतल्या पोरालाही सुटेल असं हे गणित. सिस्टरला ते सुटत नव्हतं, आणि का सुटत नाही हे घरात कोणाला सांगता येत नव्हतं.

"यात विचार काय करायचाय?" नवरा म्हणाला. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. जगातला कुठलाही प्रश्न त्याच्या लेखी वर किंवा खाली, एवढाच. "जवळचं घे आणि मोकळी हो."

"मोठ्या ठिकाणी शिकायला मिळतं हो."

"मग बारा वर्षं काय केलंस?"

सासूबाई मटार सोलत बसल्या होत्या. "आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन," त्या म्हणाल्या. "आणि आमची सिस्टर म्हणते, दोन कशाला, मला उजेडाचा त्रास होतो."

सगळे हसले. मुंगीही हसली. मुंगी म्हणजे सिस्टरची मुलगी, वय वर्षं सात. दिवसभर काही ना काही तोंडात धरून इकडून तिकडे वाहून नेत असायची, म्हणून मुंगी. आत्ताही तिच्या तोंडात मटाराची शेंग होती. सिस्टर हसली, पण तिचं लक्ष भिंतीवरच्या घड्याळाकडे होतं. एक वाजून पस्तीस मिनिटं झाली होती.

"मी जरा खाली जाऊन येते," ती म्हणाली आणि चपला घातल्या.

"आत्ता? ऊन बघ बाहेर," सासूबाई म्हणाल्या. "रोज दुपारी हिचं काय असतं कोण जाणे. सगळं जग आडवं होतं तेव्हा ही बाई उभी."

सिस्टर तोवर जिना उतरत होती. दोनला दहा मिनिटं कमी असतील तेव्हा ती घरात असून चालणार नव्हतं.

आता हे काय प्रकरण, ते सांगायला हवं.

सिस्टरची जुनी नोकरी एका मध्यम हॉस्पिटलच्या बायकांच्या वॉर्डात होती. सकाळी सात ते दोन. तिथे दर चार तासांनी प्रत्येक पेशंटची नाडी, ताप, रक्तदाब बघून तक्त्यावर लिहायचा नियम. सहा, दहा, दोन. सहाचं रात्रपाळीचं, दहाचं आपलं, पण दोनचं बरोबर पाळी बदलायच्या वेळी यायचं. सकाळची सिस्टर म्हणायची, दुपारचीने करावं. दुपारची म्हणायची, सकाळचीने करून जावं. अशा भांडणात जे होतं तेच झालं होतं. सकाळची सिस्टर दीड वाजता टेबलाशी बसून दोनचं सगळं आगाऊ लिहून टाकायची. दहाची नाडी ऐंशी, तर दोनची अठ्ठ्याहत्तर. "झोपली आहे, तक्रार नाही." कोणी कोणाला शिकवलं नव्हतं. नव्या मुली जुन्यांचं बघून आठ दिवसांत शिकायच्या.

सिस्टरची बस दोन वाजून पाच मिनिटांनी. ती चुकली की पुढची सव्वातीनला. तेव्हा मुंगीची शाळा पावणेतीनला सुटायची, आणि सासूबाईंचे गुडघे जिने उतरू देत नव्हते. त्यामुळे दोनला दहा मिनिटं असताना सिस्टर पर्स खांद्याला लावून वॉर्डाबाहेर पडायचीच. यात तिचा काय गुन्हा? ती स्वतःलाच पुष्कळदा विचारत असे.

अकरा नंबरच्या कॉटवर एक आजी होत्या. हृदय थकलेलं, मुलगा रविवारी येऊन दारापाशी दहा मिनिटं उभा राहून जाणारा. या आजींना बोटाला लावायचं मशीन आवडत नसे. "ते चिमटं नको बाई. हाताने बघ." वेळ झाली की त्या आधीच बाही वर सारून डावा हात चादरीवर काढून ठेवायच्या, तळवा वर. सिस्टर अर्धं मिनिट मोजून दुप्पट करायला गेली की त्या लगेच म्हणायच्या, "अर्धी नको. पुरी बघ." आणि ते एक मिनिट डोळे मिटून पडून राहायच्या. दिवसभरात आपला हात कोणी हातात घेतं ते एवढंच, हे सिस्टरला कळत होतं. कळणं वेगळं आणि वेळ असणं वेगळं.

त्या दिवशी दोन नवे पेशंट आले, एकीला उलट्या, डॉक्टरांचा राउंड लांबला. दीडला सिस्टर बसली आणि सगळ्यांची दोनची नोंद लिहून मोकळी झाली. अकरा नंबर, नाडी अठ्ठ्याहत्तर. सातच्या आकड्याला मधून आडवी रेघ मारायची तिची सवय होती. मग पर्स उचलून ती निघाली तर अकरा नंबरच्या चादरीवर हात काढून ठेवलेला.

"सिस्टर, माझी दोनची राहिली."

"बघितली की आजी. मघाशीच."

"कधी?"

"तुम्ही झोपला होतात."

आजी झोपल्या नव्हत्या. दोघींनाही ते माहीत होतं. आजी फक्त तिच्याकडे बघत राहिल्या, आणि हात त्यांनी आत घेतला नाही. सिस्टरला बस मिळाली. खिडकीजवळची जागासुद्धा मिळाली.

संध्याकाळी दुपारपाळीच्या सिस्टरचा फोन आला.

"अकरा नंबर गेली गं. तू निघालीस आणि लगेच गेली. मावशी फरशी पुसत होती, तिच्या डोळ्यांदेखत. तिने घड्याळ बघितलं, दोनला दहा कमी होते."

सिस्टरने गॅस बंद केला.

"पण तुझं तर दोनचं लिहिलेलं. नाडी अठ्ठ्याहत्तर, झोपली आहे. आता मेलेलं माणूस झोपतं का? मग डॉक्टरांना सांगून दोन वीसची वेळ घातली. तू नको काळजी करूस. कागदावर अर्धा तास जास्त जगली म्हातारी, कोणाचं काय बिघडलं?"

"हो," सिस्टर म्हणाली.

"एक सांगू? तो हात... सरळच होईना गं. तसाच बाहेर. चादरीत गुंडाळताना मावशीला पण..."

तिसऱ्या दिवशी सिस्टर बसस्टॉपकडे जात होती. भर दुपार, रस्त्यावर माणसांची ये-जा. चालता चालता तिच्या उजव्या हाताच्या बोटांवर कोणीतरी मनगट ठेवलं. हलकं, गार, कातडी सैल. पावडरीचा आणि स्पिरिटचा वास आला, जसा अकरा नंबरच्या कॉटपाशी यायचा. तिने हात झटकला. झटकलेल्या हातात ते मनगट तसंच होतं. दिसत काही नव्हतं. तिची बोटं मात्र आपोआप बरोबर जागी बसली, अंगठ्याच्या खालच्या बाजूला, आणि सवयीने तिने मोजायला सुरुवात केली. मोजायला काहीच नव्हतं. बस आली, ती चढली, कंडक्टरला डाव्या हाताने पैसे दिले. बरोबर दोन वीसला बोटं रिकामी झाली.

मग रोज. दोनला दहा कमी ते दोन वीस. तिने देवाला हात जोडले, झोपेच्या गोळ्या घेतल्या, एकदा रडत रडत मोठ्याने माफीही मागितली, रस्त्यातच. हात येतच राहिला. तो काही करत नव्हता. ओढत नव्हता, आवळत नव्हता. फक्त वाट बघत होता. माणसाला एखाद्याने शिव्या दिल्या तर उलट बोलता येतं, पण गप्प वाट बघणाऱ्याचं काय करणार?

एका सुट्टीच्या दिवशी ती घरीच होती. सोफ्यावर हात मांडीवर ठेवून ती अर्धा तास संपायची वाट बघत बसली होती. खाली फरशीवर मुंगी चित्र रंगवत होती. ती मान वर करून म्हणाली, "आई, तू कोणाचा हात धरलायस?"

सिस्टरने त्याच आठवड्यात नोकरी सोडली, आणि त्या दिवसापासून दोनच्या सुमारास ती घरात थांबली नाही. उन्हातान्हात बागेच्या बाकावर, बँकेच्या पायरीवर, कुठेही. तो हात आपल्याला येतो ना? येऊ दे. पण पोरगी आहे तिथे नको.

एकदा ती जुन्या हॉस्पिटलच्या रेकॉर्डच्या खोलीत गेली. मनात होतं, ती नोंद खोडून टाकावी, सही करावी, खरं लिहावं. तिथला कारकून ओळखीचा होता. त्याने फाइल काढून दिली. "बघा, पण खाडाखोड नाही हं सिस्टर. गेलेल्या माणसाच्या कागदाला हात लावायचा नसतो."

लावायला काही नव्हतंच. तक्त्यावर सहाची नोंद होती, दहाची होती, मृत्यूची वेळ दोन वीस होती. दोनचा चौकोन कोरा होता. खोडलेला नाही, पुसलेला नाही, कागद गुळगुळीत. तिने तो खिडकीच्या उजेडात धरून बघितला.

"इथलं कोणी काढलं?"

"काय?"

"इथे लिहिलेलं होतं. मी लिहिलेलं."

कारकुनाने चष्मा पुसून बघितलं आणि तो हसला. "घाईत राहिलं असेल. तुमचं दोनचं नेहमीच घाईचं."

नोंद कुठे गेली, हा प्रश्न घेऊन ती बाहेर आली. तेव्हा तो तिला फार मोठा वाटला नाही.

तर अशी ही दोन पत्रं. जवळची नोकरी घेतली की पावणेदोनला घरी, मुंगीसमोर. लांबची घेतली की त्या वेळी ती दोन बस पलीकडे. शिवाय तिथे मशीन स्वतःच वेळ टाकून नोंद करायचं. आगाऊ लिहायची सोयच नव्हती. पाचव्या दिवशी तिने लांबचं पत्र पर्समध्ये टाकलं. नवरा दोन दिवस धड बोलला नाही. सासूबाई म्हणाल्या, "कर बाई तुझ्या मनासारखं. पोर आमच्यावर टाकून जा, आम्ही आहोतच." आणि हे बोलताना त्यांनी मुंगीला जवळ घेतलं, ते सिस्टरला फार लागलं. तिला ओरडून सांगावंसं वाटलं की मी तिच्यासाठीच जाते आहे. ती भांडी घासायला गेली.

पहिल्या दिवशी नव्या वॉर्डात दोन वाजायला आले तशी तिने बोटं मुठीत धरली. दोनला दहा कमी. दोन. दोन वीस. काही नाही. दुसऱ्या दिवशी काही नाही. आठवडाभर काही नाही. सुट्टीच्या दिवशी ती सवयीने बागेत जाऊन बसली, तिथेही हात आला नाही. दोन बस बदलून रात्री घरी येताना तिला उभ्या उभ्या झोप लागायची, पाय सुजायचे, पण कित्येक महिन्यांनी ती चक्क गुणगुणत जिना चढली. सुटले, असं तिला वाटलं. देवाला दया आली म्हणा, नाहीतर म्हातारीला कंटाळा आला म्हणा.

तो हात आपल्याकडे येत नाही, तर मग जातो कुठे, हे तिच्या मनातही आलं नाही. सुटलेलं माणूस मागे वळून बघत नाही.

पुढच्या सुट्टीला ती घरीच राहिली. मुंगीच्या आवडीचं जेवण केलं. जेवून सासूबाई आतल्या खोलीत आडव्या झाल्या. मुंगीच्या या मोठ्या आईचा एकदा डोळा लागला की घर पडलं तरी तीनपर्यंत उठायच्या नाहीत. मुंगीने बाहेरच्या खोलीत आपलं हॉस्पिटल मांडलं होतं. उश्यांच्या कॉट, बाहुल्या पेशंट, आईचा जुना स्टेथोस्कोप. दीड वाजून गेला होता.

"आई, आज तू आहेस? मग आज तूच बघ."

"कोणाला गं?"

"हातवाल्या आजीला."

सिस्टरच्या हातातला टॉवेल घडी करायचा राहिला.

"रोज येते ना ती. तू नव्या कामाला गेलीस तेव्हापासून. इथे बसते." मुंगीने सोफ्यावर थोपटून दाखवलं. "मला म्हणाली, नाडी बघ. मी बघितली, तू शिकवलीस तशी. लागतच नाही. मी म्हटलं, आजी, तुमची संपली. तर हसली."

"मोठ्या आईला सांगितलंस?"

"मोठी आई झोपते."

"मग... मग काय म्हणाली?"

"म्हणाली, तुझी बघू. मग तिने माझी बघितली. पुरी." मुंगी हे अगदी सहज सांगत होती, बाहुलीच्या दंडाला पट्टी बांधता बांधता. "म्हणाली, छान आहे. हीच चालेल."

उशीशेजारी मुंगीची वही उघडी पडली होती. तिच्यात पेन्सिलीने वेडीवाकडी अक्षरं: बाहुली एक, ताप. बाहुली दोन, बरी. आणि त्याखाली निळ्या शाईत एक ओळ. आजची तारीख. वेळ दोन. नाडी अठ्ठ्याहत्तर, साताच्या पोटातून आडवी रेघ. झोपली आहे. तक्रार नाही.

अक्षर सिस्टरचं होतं. शंकाच नव्हती. बारा वर्षं ती हेच लिहीत आली होती.

"हे कोणी लिहिलं?"

"आजीने. काल लिहून गेली. म्हणाली, आगाऊ लिहून ठेवते, घाई आहे." मुंगीने जांभई दिली. "आई, मला झोप येतेय."

घड्याळात एक वाजून चाळीस मिनिटं झाली होती.

सिस्टरने मुंगीला उचललं. सासूबाईंना हाक मारली का, दार ओढलं का, तिला नंतर आठवलं नाही. चपलासुद्धा नव्हत्या पायात. सात वर्षांची मुलगी कडेवर, एका हाताने तिचं मनगट धरलेलं, आणि ती नर्सिंग होमच्या रस्त्याने धावत सुटली. बारा मिनिटांचं अंतर. तिने नाकारलेल्या नोकरीची वाट. बोटांखाली नाडी चालू होती, पळणाऱ्या पोरासारखी भरभर, आणि सिस्टर धापा टाकत मोजत होती. चौकात पोचली तेव्हा बँकेच्या दारावरच्या घड्याळात दोनला दहा कमी झाले.

नाडी थांबली.

मंदावली नाही, तुटली नाही. नळ बंद करावा तशी थांबली.

"आई," तिच्या कानाशी मुंगी म्हणाली, "एवढी का पळतेस?"

सिस्टर जागच्या जागी उभी राहिली. मुलगी बोलत होती. श्वास तिच्या मानेवर लागत होता. गाल गरम होते. आणि मनगटात काही नव्हतं. मानेला बोटं लावली, तिथे नव्हतं. छातीला कान लावला. बसचे हॉर्न ऐकू आले, दुसरं काही नाही.

नर्सिंग होमच्या टेबलाशी एक तरुण सिस्टर बसली होती, पर्स खांद्याला अडकवलेली. तिने मुंगीच्या बोटाला मशीन लावलं. "अठ्ठ्याहत्तर," ती म्हणाली. "छान आहे की. काय झालं हिला?"

"मशीन नको. हाताने बघ."

"अहो, दाखवतंय ना..."

"हाताने बघ गं. पाया पडते तुझ्या."

तरुण सिस्टरने दोन बोटं मुंगीच्या मनगटावर ठेवली. एक क्षण. तिची नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे गेली. "लागते की. व्यवस्थित आहे," ती म्हणाली आणि हात काढून घेतला.

एवढ्या वेळात नाडी लागत नाही. बोटं जागेवर बसतसुद्धा नाहीत. हे सिस्टरइतकं कोणाला ठाऊक असणार? त्या तरुण सिस्टरने समोरच्या कागदावर काहीतरी लिहिलं, बस गाठायला म्हणून उठली, आणि जाता जाता तिने मुंगीच्या गालाला प्रेमाने हात लावला.

सिस्टर तिथल्या बाकावर मनगट धरून बसली. मुंगीने तेवढ्यात तिच्या मांडीवर झोपही काढली. दोन वीसला बोटांखाली एक ठोका आला, मग दुसरा, आणि पोरीची नाडी पुन्हा पळायला लागली.

पुढचं थोडक्यात आहे. डॉक्टर झाले, तीन झाले. सकाळी नेलं की सगळं नॉर्मल. एका डॉक्टरांना हातापाया पडून दोनपर्यंत थांबवलं. त्यांच्या मशीनवर अठ्ठ्याहत्तरचा आकडा आला आणि अर्धा तास हलला नाही. त्यांनी मशीनला टिचकी मारली आणि सिस्टरला म्हणाले, "तुमची झोप होत नाहीये. पाळी बदलून घ्या." नवऱ्यालाही तिने सांगितलं. त्याने मुंगीचं मनगट धरलं, मग म्हणाला, "मला तर कधीच लागत नाही गं, कोणाचीच," आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

तिने लांबची नोकरी सोडली आणि जवळच्या नर्सिंग होममध्ये रात्रपाळी धरली. कायमची. कोणालाच नको असलेली पाळी, त्यांनी आनंदाने दिली. घरात सगळे खूश. "शेवटी आलीस ना वळणावर?" सासूबाई म्हणाल्या. "सकाळचा वाट चुकलेला संध्याकाळी घरी आला तर त्याला चुकला म्हणत नाहीत." सिस्टर सकाळी येते, दोन तास पडते, आणि पावणेदोनला मुंगीजवळ येऊन बसते. मुंगीला आता सवय झाली आहे. ती उजव्या हाताने गृहपाठ करते आणि डावा हात आपणहून काढून ठेवते, तळवा वर.

दोनला दहा कमी झाले की थांबते. सिस्टर हात सोडत नाही. सोडला तर काय होईल, ते तिला माहीत नाही. सोडून बघायची तिची छाती नाही. रोज दोन वीसला नाडी परत येते.

गेल्या सोमवारी ती दोन एकवीसला आली. सिस्टरने घड्याळाला दोष दिला. मंगळवारी, दोन चोवीस. नवऱ्याने घड्याळात नवा सेल घातला, मोबाइलशी वेळ जुळवून दिली. काल दोन वाजून एकतीस मिनिटं झाली होती.

"आई, आज उशीर झाला का तिला?" मुंगीने वहीतून मान न काढता विचारलं.

"कोणाला गं?"

मुंगीने वहीचं पान उलटलं. आत सासूबाई घोरत होत्या. सिस्टरने बोटं जरा घट्ट केली आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायला सुरुवात केली.

घड्याळात तीन वाजायला पाच मिनिटं आहेत.